भाकर मोडताना

देवाला ओळखण्यासाठी शास्त्र किती यावे लागते? आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न उघडपणे फारसा विचारला जात नाही. पण मनात असतो. वचने तोंडपाठ असलेला भाऊ प्रार्थनेसाठी पुढे होतो, आणि अक्षरओळख नसलेली वृद्ध बहीण मागच्या बाकावर गप्प बसते. आपला विश्वास कमी प्रतीचा आहे असे तिला वाटते. खरे बोलायचे तर, आपल्यालाही तसेच वाटत असते.

लूककृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातील दोन शिष्यांकडे पाहू या. ते यरुशलेमेहून अम्माऊसला निघाले असता पुनरुत्थित प्रभू त्यांच्याबरोबर चालला. मोशे व संदेष्टे यांच्यापासून आरंभ करून त्याने त्यांना शास्त्र उलगडून सांगितले. याहून थोर शिक्षक कोणाला लाभला आहे? त्यांची अंतःकरणे पेटली. पण एवढा पाठ होऊनही समोर कोण आहे हे त्यांना कळले नाही. गाव जवळ आले, दिवस उतरला. तेव्हा त्यांनी त्या अनोळखी वाटसरूला आग्रहाने ठेवून घेतले. तो जेवायला बसला, त्याने भाकर मोडली, आणि त्यांचे डोळे उघडले. त्यांनी दाराशीच निरोप दिला असता तर? पाठ उत्तम झाला असता, आणि प्रभू पुढे निघून गेला असता.

यावरून पाठ व्यर्थ ठरत नाही. वाटेवर मने पेटली नसती तर कदाचित आग्रहही झाला नसता. पण ओळख पटली ती पंगतीला.

आपल्या भाषेतल्या एका घराचे उदाहरण घेऊ. रेव्ह. नारायण वामन टिळक यांना आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने शास्त्राची प्रत दिली. वाचन व चिंतन करून त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची वाट निराळी. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. काही वर्षांच्या वियोगानंतर त्या पतीकडे परतल्या, तरी आपले पाणी व स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला. पुढे त्यांच्या मनाने घेतले की जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हे. आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. पतीला पुस्तकाने आणले. पत्नीची वाट पाण्याच्या घागरीशी अडली होती, आणि तिथेच ती मोकळी झाली.

कोणी म्हणेल, माणुसकी तर सगळीकडे आहे. मग शास्त्र कशाला? कारण नुसती माणुसकी आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांत रमते. परक्याला आत घ्या, असे शास्त्र सांगते. करिंथकरांच्या मंडळीत ज्ञानाची व वक्तृत्वाची वाण नव्हती, हे पौलाने पहिल्याच अध्यायात मान्य केले आहे. तरीही त्यांच्या प्रभुभोजनात एक जण उपाशी राही आणि दुसरा पिऊन मस्त होई. हे भोजन प्रभूचे नव्हेच, असे त्याने त्यांना अकराव्या अध्यायात बजावले. ज्ञान होते, पंगत मोडली होती.

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आपली मुले पुष्कळदा हिंदी, गुजराती, कन्नड किंवा इंग्रजीतून शिकतात आणि मराठी शास्त्र वाचताना अडखळतात. वडीलधाऱ्यांची चिंता खोटी नाही. मुलांना मराठी वाचायला अवश्य शिकवावे. पण मूल वाचण्याआधी पाहते. नव्याने आलेल्या गरीब कुटुंबाला उपासनेनंतर कोण घरी बोलावतो, ते पाहते. घरकामाला येणाऱ्या बाईचा कप आपल्या फळीवर वेगळा ठेवलेला असतो का, तेही पाहते. तो कप वेगळा असेल, तर पाठ करून घेतलेले सुवर्णवचन त्याच्यापुढे फिके पडते.

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. पाठांतर चालू ठेवा, बक्षिसेही द्या. पण हजेरीपटावर ज्या मुलाच्या नावापुढे तीन रविवार रिकामे आहेत, त्याच्या घरी वर्गातील दोघा मुलांना बरोबर घेऊन जा. तिथे जे पुढे येईल ते खा. आणि मागच्या बाकावरच्या त्या बहिणीला एखाद्या रविवारी प्रार्थना करायला सांगा. कित्येक वर्षे तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांची दुखणीखुपणी काढली असतील. भाकर मोडताना दिसणारा प्रभू तिने आपल्याआधीच ओळखलेला असेल.