हसू आवरा आणि वह्या मिटा

हसलात? झालं हसून? मग आता वह्या मिटा, हात बाकावर ठेवा आणि माझ्याकडे बघा. तास मराठीचा आहे, पण आज धडा होणार नाही. आज सुट्टीतल्या गृहपाठाचं बोलायचंय: आपल्या माणसासाठी एक वस्तू स्वतः विणा आणि मी दिलेलं एक पुस्तक वाचा, एवढाच तो होता.

तुमच्याच वर्गातल्या एका मुलानं दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या हातानं विणलेला मफलर या टेबलावर आणून ठेवला. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद, आणि मध्ये एक भोक. तुम्ही फिदीफिदी हसलात. मागच्या बाकावरून कुणी तरी त्याला 'पायपुसणं' म्हणालं. कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे, त्याच्याशी मी स्वतंत्र बोलेन. आत्ता बोलायचंय ते सगळ्यांशी, कारण हसण्यात कुणी मागे राहिलं नाही.

हा मफलर मी मोजलाय. सुरुवातीला ४० टाके घातलेत. आठ नंबरच्या सुया, सगळ्या ओळी सुलट. कुठे तरी टाके गळत गेले आणि शेवटी ३४ उरले, म्हणून तो अरुंद झाला. ओळी ४८० आहेत. टाके कमी झाले ते धरूनही हा साडेसतरा-अठरा हजार टाक्यांचा मामला आहे. तुमची सुट्टी अठरा दिवसांची होती. म्हणजे या मुलानं रोज जवळजवळ हजार टाके विणले. फटाके होते, पाहुणे होते, किल्ला होता, सगळं त्यालाही होतं. त्याचे आजोबा पहाटे चार वाजता दुधाच्या फेरीला जातात आणि दिवाळीनंतर थंडी वाढते, एवढं त्याच्या लक्षात होतं. तुमच्यापैकी कितीजणांनी सुट्टीत शंभर टाके तरी विणले? हात वर करू नका. मला उत्तर माहीत आहे, ते या टेबलावर पडलंय.

ही टोपी बघा. पिवळी, वर गोंडा. मावशीच्या बाळासाठी, बाळंतविड्यात द्यायला स्वतः विणली, असं मला सांगितलं गेलं. ती मी उलटी केली. आतल्या शिवणीला इंटरलॉक आहे. दोन सुयांवर घरी विणलेल्या टोपीला इंटरलॉक कुठून येईल? मानेकडच्या बाजूला लेबल कापल्याच्या दोऱ्याचे दोन तुसे अजून तसेच आहेत. तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर असतो. ही टोपी वर्षाच्या मुलाला होईल. स्वतः विणली असतीस तर एवढी मोठी झाली नसती, कारण टाके घालण्याआधी तू माप घेतलं असतंस. सुट्टी लागण्यापूर्वी दोन तास मी तुम्हाला तेच शिकवलं होतं. दहा सेंटीमीटरचा चौकोनी नमुना विणायचा, त्यातले टाके मोजायचे आणि हव्या त्या मापाचा हिशेब करायचा. मी फळ्यावर लिहिलं, तुम्ही वहीत उतरवून घेतलंत. बस्स, तिथेच संपलं.

दुकानातली टोपी भेट देण्यात काही गैर नाही. लाखो लोक देतात. मीही देते. पण "मी विणली" असं म्हणून दिली तर मावशी ती जन्मभर जपेल. बाळ मोठं झालं की त्याला दाखवेल, तुझ्या ताईनं विणली म्हणून. बाळंतविड्यातली झबली, टोपडी, दुपटी, मोजे बायका सातव्या महिन्यापासून करायला बसायच्या ते बाजारात काही मिळत नव्हतं एवढ्यासाठीच नाही. येणाऱ्या जिवाची वाट बघणं त्या हातांना जमत होतं. तू मावशीला ती वाट बघितल्याचं खोटं सांगितलंस. मला फसवलंस त्याचं मी बघून घेईन, दोन गुण कापले की मिटलं. मावशीशी जे केलंस ते तुला मिटवायचं आहे, आणि ते आज रात्री फोन करून.

आता या चार वस्तू. दोन स्वेटर, एक शाल, एक हातमोज्यांचा जोड. वीण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखी, कडा सरळ, गळा बसवलेला, एक एक सुलट-उलटची बॉर्डर पाहत राहावी अशी. सुरेख आहेत. आणि चारही तुमच्या आयांनी विणलेल्या आहेत. मुलांनो, नवशिक्याचा हात पहिल्या दहा ओळींत घट्ट असतो, मग सैलावतो. तो फरक वस्तूत दिसतोच, लपत नाही. दिवाळीच्या दिवसांत तुमच्या आईनं चकल्या तळल्या, करंज्या भरल्या, घर झाडलं, पाहुण्यांचं केलं, आणि सगळं आवरल्यावर रात्री अकराला ती तुमचा गृहपाठ विणत बसली. तुम्ही शेजारी झोपला होतात. मला या गोष्टीचा फार राग आहे. आपल्या माणसासाठी काही तरी करा म्हणून हा गृहपाठ होता, आणि तो तुम्ही आईच्याच गळ्यात टाकलात.

दोघा-तिघांनी मला सांगितलं की विणणं हे मुलांचं काम नाही. कुणाचं आहे मग? माणदेशातले धनगर मेंढरांमागे चालता चालता लोकर कातत आले आहेत. दाढीमिशावाले बाप्ये. त्या लोकरीची घोंगडी सणगरांच्या मागावर विणली जाते. मी दिलेलं पुस्तक वाचलं असतंत तर हे तुम्हाला कळलं असतं, कारण ते त्याच मुलखातलं आहे.

त्या पुस्तकाकडेच येते. 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. दीडशेच्या आतबाहेर पानं. रोज दहा पानं वाचली असतीत तरी सुट्टीचे तीन दिवस उरले असते. मराठी माणसाला दिवाळी आणि वाचन यांची सांगड नवी नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी घरोघरी अंक असतो. तुमच्याही घरी असेल. तो कुणी उघडला का, हे आज विचारत नाही. मी एकच पुस्तक दिलं होतं, त्याबद्दल विचारते.

एकवीस वह्यांत पहिलं वाक्य एकच आहे: 'या कादंबरीत ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण आढळते.' एकवीस वह्या, एकच वाक्य. हे वाक्य आजपासून माझ्या वर्गात बंद. ते कुठल्याही पुस्तकाला चिकटतं, म्हणून कुठल्याच पुस्तकाचं नाही. काहींनी सिनेमा बघून लिहिलं. अमोल पालेकरांचा १९९५चा सिनेमा चांगला आहे, जरूर बघा, पण मी वाचायला सांगितलं होतं. म्हणून मघाशी मी तुम्हाला एकच प्रश्न विचारला. शेकूच्या औताला एका बाजूला बैल होता, दुसऱ्या बाजूला कोण होतं? वर्ग गप्प. एकानं "दुसरा बैल" असं अंदाजानं ठोकून दिलं. उत्तर आलं ते ज्याला तुम्ही हसलात त्याच्याकडून. "त्याची बायको, बाई." पुढे त्यानं हेही सांगितलं की पुस्तक अजून संपलं नाही, नव्वदाव्या पानावर आहे. पुस्तक संपवलं नाही म्हणून त्याचा गुण मी कापला आहे. तरीही, त्यानं जे सांगितलं ते खरं सांगितलं.

औताला जुंपून घेतलेली बाई. हे वाचल्यावर माणूस पान उलटायचं थांबतो. मी तुमच्या वयाची होते तेव्हा दुपारी घरातली कामं उरकली की आत्या विणायला बसायची आणि मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायचे. सगळ्या ओळी सुलट असल्या की तिला सुयांकडे बघावंही लागत नसे. हात आपोआप चालायचे, कान माझ्याकडे. शेकूच्या बायकोपाशी मी आले आणि सुयांचा आवाज थांबला. आत्या काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "वाच पुढं." त्या दुपारी ती माझ्यासाठी स्वेटर विणत होती. बाहीच्या खाली एका ओळीत वीण एकदम घट्ट झालेली होती. मी मोठी झाल्यावर तो स्वेटर हातात घेऊन ती ओळ शोधायचे. म्हणून मी तुम्हाला या दोन्ही गोष्टी एकत्र दिल्या होत्या. सारांश लिहिणाऱ्याच्या सुया कुठेच थांबत नाहीत.

मोबाइलला दोष देऊ नका, मी तो ऐकून घेणार नाही. मोबाइल तुम्ही हातात धरला होतात, त्यानं तुम्हाला धरलं नव्हतं.

आता इकडे या, टेबलाभोवती उभे राहा. मफलरातलं भोक बघा. एक टाका सुईवरून निसटला आणि सहा ओळी खाली उतरला. या आडव्या धाग्यांच्या पायऱ्या दिसतायत ना? क्रोशाची सुई घ्यायची, सगळ्यांत खालच्या टाक्यात घालायची, वरचा आडवा धागा ओढून घ्यायचा. मग पुढचा. सगळ्या ओळी सुलट आहेत, म्हणून एकदा पुढून, एकदा मागून. चार. पाच. सहा. आणि वर दोऱ्यानं बांधून टाकायचं. संपलं भोक. तुला हे येत नव्हतं तर सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी विचारायचं होतंस, लपवून ठेवायचं नाही. आणि टाके गळतात तेव्हा दर दहा ओळींनी मोजायचे, हे मी सांगितलं होतं. तुझी चूक ती. पण पुढच्या वेळी तुझा मफलर सरळ होईल. बाकीच्यांचा होणार नाही, कारण त्यांनी वाकडासुद्धा विणलेला नाही.

बाकी सगळ्यांनी सोमवारी लोकरीचा एक गुंडा, आठ नंबरच्या सुया आणि 'बनगरवाडी' घेऊन यायचं. रोज मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं निम्मे विणतील, निम्मे वाचतील, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. नाताळची सुट्टी लागेपर्यंत प्रत्येकाचं पुस्तक संपलेलं असेल आणि प्रत्येकाच्या हातून एक तरी वस्तू पुरी झालेली असेल, वाकडी असली तरी चालेल. ती कुणाला द्यायची ते आज घरी जाऊन ठरवा, आणि त्या माणसाच्या मापाचा कागद सोमवारी माझ्या हातात द्या.

हा मफलर आता त्याला परत द्या. नीट घडी घालून. त्याच्या आजोबांना तो उद्या पहाटे चारला लागणार आहे.