रनिंग झालेली गाडी

मिस्त्रींनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. काट्यावर 1 लाख 42 हजार किलोमीटर दिसत होते आणि दलाल तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. मिस्त्री मात्र वाकून क्लचच्या पायडलचं रबर बघत होते. ते एका कडेनं झिजून खालचं लोखंड उघडं पडलं होतं. मग त्यांनी ड्रायव्हरचं दार किंचित उचलून पाहिलं, स्टेअरिंगवर अंगठा फिरवला, इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर तळहात धरला. "तीन लाखांच्या पुढं गेलेली आहे, मालक," ते म्हणाले. "पण इंजिन बॅक मारत नाही, दाब मागं गळत नाही. घ्या."

तीन लाखांच्या पुढं गेलेली गाडी घ्या, असं सांगणाऱ्या माणसावर विश्वास का ठेवायचा, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. माझ्या मेहुण्याला कळलं होतं. तो लहानपणापासून वडिलांचं बोट धरून सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात गेलेला. तिथं बैलाचं वय मालकाला विचारत नाहीत, दात बघतात. खूर बघतात, चालवून बघतात, आणि भाव तर रुमालाखाली बोटं धरून ठरतो. विकणारा खोटं बोलणार हे त्या व्यवहारात गृहीतच असतं, म्हणून त्याचा राग कुणी धरत नाही. "दाजी, काट्याचं मनावर घेऊ नका," मेहुणा मला म्हणाला. काटा मागं फिरवलेला होता, आणि तरी गाडी चांगली होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे नोकरदार माणसाच्या पचनी पडायला वेळ लागतो.

गाडी 2011 सालची बोलेरो पिकअप, मेहुण्यासाठी घेतली 2021 मध्ये, 2 लाख 65 हजारांना. मी नव्या गाडीच्या बाजूचा होतो. शोरूमवाल्यानं महिन्याला अठरा-एकोणीस हजारांचा हप्ता सांगितला होता, आणि माझ्या हिशेबानं तो झेपण्यासारखा होता. वर्षाचं उत्पन्न घेतलं, बारानं भागलं, झालं. माझी चूक त्या बारामध्ये होती.

मोहोळ तालुक्यातल्या माझ्या मेहुण्यासारख्या शेतकऱ्याचं उत्पन्न बारानं भागत नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीनं. उजनी धरणाचं पाणी ज्याच्या बांधाला आलं त्याचं गणित वेगळं, ज्याच्या नाही आलं त्याचं वेगळं. पैसा येतो तो ढिगानं: डिसेंबर-जानेवारीत कांदा निघाला की, डाळिंबाचा बहर साधला की. मधले पाच-सहा महिने खिशात काही नसतं. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो. तीन हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात, आणि त्यासोबत आधी भरलेले पंधरा हप्तेही जातात. जुन्या गाडीचं तसं नाही. तिच्यात काम निघतं, पण कांदा विकेपर्यंत त्यातली बरीच कामं थांबायला तयार असतात.

जुनी गाडी स्वस्त पडते म्हणून घ्यावी, असं मला म्हणायचं नाही. मेहुण्यानं वही ठेवली आहे. चार वर्षांत दुरुस्तीवर 1 लाख 94 हजार गेले. गाडी उभी राहिली ते दिवस आणि त्या दिवसांत हुकलेली भाडी धरली तर नव्या गाडीशी असलेला फरक फारसा उरत नाही. फरक आहे तो पैसा कधी जातो याचा. आपल्याकडं जुन्या वस्तूला गरिबाची तडजोड म्हणतात, नाहीतर 'जुगाड' म्हणून तिचं कौतुक तरी करतात. दोन्हींत तिचा अर्थव्यवहार दिसत नाही. कोरडवाहू माणसासाठी जुनी गाडी ही एक प्रकारची बचत आहे. पैसा आला की तो गाडीत मुरवायचा: यंदा क्लच, पुढच्या वर्षी पाटे, त्यानंतर हौद्याचा पत्रा. बँकेत ठेवलेला पैसा लग्नकार्यात निघून जातो. क्राउन-पिनियनमध्ये घातलेला कुणाला उसना देता येत नाही.

आणि गाडी हवीच कशाला, याचं उत्तर फेब्रुवारी 2023 मध्ये सगळ्या देशानं वाचलं. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सत्तर किलोमीटरवरून सोलापूरच्या बाजार समितीत 512 किलो कांदा आणला. भाव मिळाला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता हातात राहिले 2 रुपये 49 पैसे, आणि धनादेश मिळाला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. चर्चा कांद्याच्या भावाची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या हिशेबाच्या पट्टीत भाव आणि भाडं समोरासमोर उभे होते, आणि दहा गोण्यांच्या त्या मालात भाड्याचंच वजन जास्त भरलं. स्वतःची गाडी असती म्हणून भाव वाढला नसता. मात्र माल आज न्यायचा की चार दिवसांनी, सोलापूरला की आणखी कुठं, हे ठरवायला थोडी जागा राहते. शेजारच्या तिघांचा माल सोबत घेतला तर डिझेल निघतं.

या कामासाठी आपल्याकडं छोटा ट्रक यायलाच उशीर झाला. 1980च्या दशकात टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी, माझदा अशा जपानी नावांच्या जोडीनं हलके ट्रक आले. 1986 मध्ये टाटाची 407 आली आणि त्यांच्यापुढं टिकून राहिली. 2005 मध्ये दोन सिलिंडरचा टाटा एस आला, त्याला लोकांनी 'छोटा हत्ती' करून टाकलं. महिंद्राची पिकअप या दोघांच्या मधली. तिच्या मागं 1947 पासूनच्या जीपचं घराणं, आणि फ्रान्सच्या प्युजोच्या परवान्यावरून पुढं घडत आलेलं डिझेल इंजिन. बुकावर सव्वा टन, म्हणजे पन्नास किलोच्या पंचवीस गोण्या. पंचवीस गोण्या घेऊन मार्केट यार्डात शिरलेली पिकअप मी तरी अजून पाहिलेली नाही.

इथंच या गोष्टीची काळी बाजू सुरू होते, आणि तिच्यात मीही आहे.

गाडी घेतली तेव्हा मिस्त्रींनी कामांची यादी तोंडी सांगितली होती आणि पहिलं नाव ब्रेकचं घेतलं होतं. मास्टर सिलिंडरचं किट, मागचे व्हील सिलिंडर, पुढचे पॅड, मागचे लायनर. दसरा तोंडावर होता. खंडेनवमीला गाडी पुजायची तर रंग हवा, असं मेहुण्याचं म्हणणं. मी हो म्हटलं. उरलेल्या पैशांत त्यानं मागच्या कमानीत दोन्हीकडं एकेक जादा पाटा घालून घेतला. जादा पाट्याची गंमत अशी की गाडी मालाखाली बसत नाही. चाळीस गोण्या घातल्या तरी ताठ उभी राहते, आणि ताठ उभी दिसते म्हणून पन्नास घालाव्याशा वाटतात. ब्रेक मात्र कंपनीनं सव्वा टनासाठी दिलेला तेवढाच राहतो.

त्याच महिन्यात तुळजापूरच्या घाटात उतरताना पायडल खाली गेलं. एकदा मारलं, दोनदा मारलं, हाताला काही लागेना, असं तो सांगतो. ब्रेक पायानं मारतात, पण त्याला आठवतो तो हात. त्यानं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढली आणि डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. नवा रंग डाव्या अंगानं सगळा गेला. कोजागरी होऊन चार दिवस झाले होते. दरवर्षी कोजागरीला त्याच रस्त्यानं सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांच्या रांगा असतात, बायका, पोरं, अनवाणी. आम्ही दोघं त्यावर कधी बोललेलो नाही.

काम पुढं ढकलता येणं हाच जुन्या गाडीचा गुण, असं मी वर म्हटलं. तोच तिचा दोषही आहे. हप्ता चुकवला तर सावकार दारात येतो. ब्रेकचं काम चुकवलं तर कुणी येत नाही. रंग लोकांना दिसतो, पाट्याचा फायदा त्याच दिवशी खिशात पडतो, आणि लायनर किती उरलाय हे चाक उघडल्याशिवाय कळत नाही. मिस्त्रींचा क्रम साधा आहे: आधी थांबायचं, मग वळायचं, मग चालायचं, शेवटी दिसायचं. ब्रेक, मग टायरॉड आणि बॉलजॉइंट, मग क्लच आणि इंजिन, मग रंग. हौसेचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो.

सरकारचं म्हणणंही याच जागी उभं आहे, आणि ते धुडकावता येत नाही. वाहन मोडीत काढण्याचं धोरण 18 मार्च 2021 रोजी लोकसभेत मांडलं गेलं, त्याच वर्षी 13 ऑगस्टला सुरू झालं. व्यावसायिक गाडीला पंधरा वर्षं, खासगी गाडीला वीस. पण वय झालं म्हणून थेट भंगार नाही, योग्यता तपासणीत नापास झाली तर. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या ट्रक-बसची तपासणी फी दीड हजारांवरून साडेबारा हजारांवर गेली. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं, ते वेगळंच. शिवाय धुराचं काय? सोलापूर हे 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, हवा मर्यादेबाहेर बिघडलेल्या शहरांच्या यादीत आहे. माझ्या मेहुण्याची बचत रस्त्याकडेला भजी तळणाऱ्या बाईच्या फुप्फुसातून होत असेल, तर तिला बचत म्हणायचा अधिकार मला नाही.

म्हणून तपासणी कडक हवी, या बाजूचा मी आहे. पण तपासणी गाडीची हवी, जन्मतारखेची नको. आज पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर मित्राच्या गाडीचे लावून नेतात आणि संध्याकाळी परत करतात. हे सगळ्यांना माहीत आहे. वर्षातून एक दिवस धडधाकट असलेली आठ वर्षांची गाडी आणि वर्षभर नीट ठेवलेली सोळा वर्षांची गाडी यांत धोकादायक कोणती, हे वयावरून ठरत नाही. शिवाय मोडीत काढण्यावर मिळणारी करसवलत आहे ती नवी गाडी घेताना. व्यावसायिक गाडीला रस्ता करात पंधरा टक्क्यांपर्यंत. ज्याला नवी परवडतच नाही, त्याच्यापर्यंत ती पोचायची कशी? तो भंगाराचे पैसे घेऊन दुसरी जुनीच शोधणार.

दुरुस्तीचा एक भाग पान्यानं होत नाही, त्यानं आमचे तीन महिने खाल्ले. बुकावर नाव तिसऱ्याच माणसाचं होतं. मधले दोघं सह्या केलेल्या कोऱ्या टीटी फॉर्मवरच, म्हणजे मालकी बदलण्याच्या अर्जावरच, गाडी चालवून मोकळे झाले होते. कर्ज फिटलं होतं पण बोजा उतरवलेला नव्हता. लोक याला एजंटचं काम समजतात. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच हातोहात विकल्या गेलेल्या गाडीच्या प्रकरणात नुकसानभरपाईची जबाबदारी बुकावर नाव असलेल्या मूळ मालकावर ठेवली. त्या घाटात काही झालं असतं, तर ज्यानं ही गाडी कधीच विकून टाकली होती असा कुणीतरी कोर्टाच्या पायऱ्या चढला असता.

सोलापूरला हे सगळं नवं वाटू नये. महाराष्ट्रातल्या यंत्रमागाच्या धंद्याचा मोठा भाग गिरण्यांनी मोडीत काढलेल्या मागांवर उभा राहिला. चादरीची आणि टॉवेलची कीर्ती जगभर गेली, पण ती विणणारा माग सुरू ठेवणाऱ्या जॉबरचं नाव कुठल्या लेबलावर नाही. कुठला खटका ढिला झाला हे आवाजावरून ओळखणारी ती माणसं, आणि ऑइलच्या तोंडावर तळहात धरणारे आमचे मिस्त्री, एकाच जातीचे कारागीर. जुनं यंत्र स्वस्त असतं ते अशी माणसं हाकेच्या अंतरावर असतात म्हणून. ती नसतील तिथं ते नुसतं लोखंड.

आणि ती माणसं कमी होत चालली आहेत. मेहुण्याच्या गाडीचा पंप यांत्रिक आहे. पंपवाला तो खोलतो, टेबलावर लावून डिझेल मोजतो, बसवतो. 2020 च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या बीएस-6 गाडीला आधी स्कॅनर लावावा लागतो, आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर कंपनीच्या हातात असतं. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची अवजारंही आहेत आणि मोटारीही. धूर कमी करणारी गाडी आणि झाडाखाली दुरुस्त होणारी गाडी यांतली एकच निवडा, असं आज चित्र आहे. ते निसर्गनियमानं तसं नाही, ठरवून तसं केलेलं आहे. आजच्या बीएस-6 पिकअपा दहा वर्षांनी तिसऱ्या मालकाकडं येतील, तेव्हा त्यांचे सेन्सर काढून फेकून त्या चालवल्या जातील की नीट दुरुस्त होतील, हे तो स्कॅनर आपल्या पंपवाल्याला परवडतो की नाही यावर ठरणार आहे. आमच्या पंपवाल्याचा मुलगा पुण्याला शोरूमच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. त्याला स्कॅनर येतो, पंप येत नाही.

गाडीला आता पंधरा वर्षं होतील. लायनर या उन्हाळ्यात पुन्हा बदलले, जादा पाटे काढून टाकले. ते गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावले आहेत. दुसरा गिअर मात्र ओझ्यावर सुटतो. मिस्त्री म्हणतात गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मेहुणा म्हणतो, कांदा निघू दे.