दुहेरीतील कर्ता कोण?

श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी आपल्या मुख्य ग्रंथाला ‘योगसंग्राम’ असे नाव दिले आणि त्याच्या अठरा प्रसंगांतून, म्हणजे अध्यायांतून, ज्या युद्धाचे वर्णन केले ते बाहेरच्या शत्रूशी नसून काम, क्रोध आणि अहंकार या आतल्या वैऱ्यांशी चाललेले आहे. जन्माने मुसलमान, भाषेने मराठी आणि विचाराने वेदान्ती असलेल्या या संतांना मालोजीराजे भोसले यांनी श्रीगोंद्यात, म्हणजे तेव्हाच्या चांभारगोंद्यात, मठ बांधून दिला, असे परंपरा सांगते. त्यांचे गुरू चांद बोधले हेच जनार्दनस्वामींचेही गुरू होत, असे मानले जात असल्याने एकनाथांच्या परंपरेशीही त्यांचे नाते जुळते. ‘मी करतो’ हा भाव गळून पडल्यावाचून साधकाची सुटका नाही, ही भक्तिपरंपरेची शिकवण त्यांच्या ग्रंथाच्याही मुळाशी आहे. मात्र ही शिकवण एकेका साधकाला उद्देशून आहे आणि तिच्यात कर्म एकाचेच असते, हे गृहीत धरलेले आहे. जे कर्म मुळातच दोघांवाचून घडू शकत नाही त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक उरतो, आणि तो तपासण्यासाठी बॅडमिंटनमधील दुहेरीच्या खेळाडूची कारकीर्द हे एक चांगले क्षेत्र आहे.

मुंबईत जन्मलेले चिराग शेट्टी आणि आंध्र प्रदेशातील अमलापुरमचे सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांची जोडी मलेशियन प्रशिक्षक तान किम हर यांनी हैदराबादेत जमवली, तेव्हा दोघेही उंच, दोघेही मागच्या अंगणातून स्मॅश मारणारे, आणि म्हणून रूढ समजुतीप्रमाणे परस्परांना न जुळणारे असे होते. दुहेरीत आक्रमण करताना एक खेळाडू जाळ्याजवळ आणि दुसरा मागे उभा राहतो, बचाव करताना दोघे शेजारी-शेजारी येतात आणि हा बदल एका रॅलीत अनेकदा घडतो. त्यामुळे शेट्टी यांना जाळ्याजवळचा खेळ नव्याने शिकावा लागला. रंकीरेड्डी यांच्या एका स्मॅशचा वेग 2023 साली ताशी 565 किलोमीटर असा मोजला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. तो वेग निःसंशय एकाच मनगटाचा आहे. परंतु सामन्यात असा स्मॅश मारण्याजोगे फूल, म्हणजे शटल, मुळात उंच का उठले, याचे उत्तर बहुधा पुढे उभ्या असलेल्या जोडीदाराच्या रॅकेटमध्ये सापडते.

खेळाचा नियम या ठिकाणी विचार करण्याजोगा आहे. सर्व्हिस परतवण्याचा अपवाद सोडला तर फूल जोडीतील कोणीही परतवू शकतो, पण दोघांच्या रॅकेटने ते लागोपाठ मारले गेले तर तो दोष ठरतो आणि गुण समोरच्यांना जातो. म्हणजे प्रत्येक फटका एकाचाच असला पाहिजे, अशी सक्ती आहे, आणि तरीही त्यातून येणारा गुण कधीच एकाचा नसतो. क्रिया व्यक्तीची आणि फळ जोडीचे, असा हा पेच आहे.

या पेचाची उकल वैशेषिक दर्शनाने संख्येविषयी केलेल्या विचारात मिळते. दोन घट समोर असताना ‘दोन’ ही संख्या पहिल्या घटात अर्धी आणि दुसऱ्यात अर्धी राहत नाही, कोणत्याही एकात पुरी राहत नाही, आणि दोघांबाहेर तिला वेगळे स्थानही नसते. ती दोघांना मिळून व्यापते. अशा धर्माला न्यायपरंपरेत ‘व्यासज्यवृत्ति’ म्हणतात, म्हणजे अनेक आश्रयांवर एकत्रितपणे पसरून राहणारा धर्म. दुहेरीतील विजय हा असाच धर्म आहे. जागतिक क्रमवारीतील गुण जोडीच्या नावे मांडले जातात. ऑक्टोबर 2023 मध्ये, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताला बॅडमिंटनचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिल्यानंतर, जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली ती जोडी, आणि त्या वर्षीचा खेलरत्न पुरस्कारही दोघांनाही दिला गेला.

ज्ञानदेवांनी रचलेल्या ‘अनुभवामृता’तील शिव-शक्तीचे ऐक्य येथे लागू करण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. तेथे द्वैत हे आभासाच्या पातळीवर उरते आणि शेवटी एकच तत्त्व राहते. दुहेरीत मात्र दोघे खरोखर एक झाले, म्हणजे दोघांनी एकाच जागी धाव घेतली, तर उरलेले अंगण मोकळे पडते. येथील ऐक्याला भेद हवाच असतो. त्यापेक्षा गीतेच्या अठराव्या अध्यायातील विवेचन अधिक जवळचे वाटते, कारण तेथे कोणत्याही कर्माची अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगून, केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरवली आहे. कर्ता त्या पाचांतून वगळलेला नाही. त्याचे एकटेपण तेवढे नाकारलेले आहे.

जोडीलाच सर्व काही मानण्यातही अतिरेक आहे, हे बँकॉकमध्ये 15 मे 2022 रोजी झालेल्या थॉमस करंडकाच्या अंतिम लढतीने दाखवले. समोरचे मोहम्मद अहसान आणि केविन सुकामुल्जो हे एरवी वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर खेळणारे श्रेष्ठ खेळाडू त्या दिवसापुरते एकत्र आणले गेले होते, आणि तरीही दुसऱ्या गेममध्ये चार वेळा ते विजयापासून एका गुणावर होते. शेट्टी-रंकीरेड्डी यांनी ते चारही गुण वाचवून सामना 18-21, 23-21, 21-19 असा जिंकला. व्यक्तीचे कसब जोडीत विरघळून जात नाही. ते जोडीच्या हाती येते, एवढेच.

यशाची वाटणी तरीही सोपी असते. कठीण असते ती पराभवाची. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत 2024 साली ही जोडी आरोन चिया आणि सो वुई यिक यांच्याकडून पहिला गेम जिंकूनही हरली, तेव्हा प्रत्येक चुकीचा फटका कोणत्या हाताचा होता, हे लाखो लोकांनी पाहिले होते. व्यासज्यवृत्तीचा सिद्धांत येथे अवघड होतो, कारण विजय जर दोघांना मिळून व्यापत असेल तर दोषही तसाच व्यापला पाहिजे, आणि ‘माझी चूक नव्हती’ हे वाक्य वस्तुस्थितीला धरून असले तरी जोडीत उभे राहून म्हणता येत नाही. ‘योगसंग्रामा’तील आतला वैरी नेमका या वाक्यात दडून बसतो. त्याचे दुसरे रूप तर ओळखणे आणखी कठीण आहे: ‘मी’ मावळून ‘आम्ही’ उभा राहिला, तरी तो ‘आम्ही’ तितकाच मोठा अहंकार असू शकतो, आणि केवळ जोडीत खेळल्याने कोणाचा अहंकार जात नाही.

पूर्वमीमांसेने सामूहिक कर्माचा विचार ‘सत्र’ या यागाच्या निमित्ताने केला आहे. सत्रात निदान सतरा जण एकत्र येतात, सगळेच यजमान आणि सगळेच ऋत्विज असतात, दक्षिणा कोणालाच नसते आणि फळ प्रत्येकाला पूर्ण मिळते, असा निर्णय जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात आहे. मध्येच एखादा यजमान मरण पावला तर संख्या भरून काढण्यासाठी दुसरा आणता येतो, मात्र तो फळाचा स्वामी होत नाही, असेही तेथे ठरवले आहे. दुहेरीचा नियम याहून कठोर आहे. सामन्यात बदली खेळाडू नसतो; एकाला दुखापत झाली तर दुसरा कितीही धडधाकट असला तरी त्याचाही सामना संपतो. रंकीरेड्डी यांचा खांदा दुखावल्यामुळे 2024 मध्ये या जोडीला आशियाई अजिंक्यपद राखण्यासाठी उतरताच आले नाही, आणि शेट्टी यांना त्या आठवड्यात स्वतःच्या शरीरात काहीही बिघडलेले नसताना बाहेर राहावे लागले.