रानभेंडीची सोयरीक

भेंडीचा तोडा एक दिवसाआड असतो. आज बोटाएवढी असलेली भेंडी परवा जून होते आणि बाजारात तिला कोणी हात लावत नाही. म्हणून पाऊस असो की सण, सकाळीच हाताला फडकं गुंडाळून बायका सरीत उतरतात. आता फवारणीचा विचार करा. औषधाच्या बाटलीवर छापलेलं असतं, फवारल्यावर इतके दिवस तोडणी करू नका. ते दिवस पाळायचे तर मधले दोन तोडे झाडावरच जून होतात. ज्याचं घर आडतीच्या पट्टीवर चालतं त्यानं ते दोन तोडे सोडायचे कसे? मी त्याला दोष देत नाही. ज्वारी-गव्हात फवारणी आणि काढणी यांच्यात पुरेसे दिवस मिळू शकतात, भेंडीत ते मिळतच नाहीत. भाजीतल्या विषाचा प्रश्न पंपापाशी सुटणार नाही, तो बियाण्यापाशीच सोडवावा लागेल, असं मी म्हणतो ते यासाठी.

भेंडीचा जुना वैरी म्हणजे केवडा. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पान, आणि शेवटी भेंडीसुद्धा फिकट, पिवळट निघते. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. तो पसरवते पांढरी माशी, म्हणून सगळा मारा त्या माशीवर. 1924 मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, या रोगाची पहिली नोंद झाली. म्हणजे भेंडी आणि केवडा यांचं भांडण आपल्याच मातीत शंभर वर्षं चालू आहे.

या शंभर वर्षांत खरा उतारा मिळाला तो वाणांतूनच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा मखमली’ दिसायला देखणी, पण केवड्याला बळी पडणारी. तिचा संकर बंगालमधून आलेल्या एका भेंडीशी केला आणि 1960च्या सुमारास ‘पुसा सावनी’ शेतात आली. काही वर्षं बरी गेली, मग सावनीवरही केवडा दिसू लागला. लागवडीच्या भेंडीत प्रतिकारशक्ती शोधून पुरेना, तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी सावनीची सोयरीक थेट रानभेंडीशी जुळवली. रानभेंडी म्हणजे अंगभर कूस असलेलं झुडूप. आपल्याकडे तिची भाजी सहसा कोणी करत नाही, पण केवड्याला ती दाद देत नाही. अशा दूरच्या सोयरिकीतून आलेली पहिली पिढी बरीचशी वांझ निघते. मग पुन्हा सावनीशी संकर, त्यानंतर पिढ्यामागून पिढ्या निवड. केवडा यावा अशाच जागी पेरायचं आणि जे झाड हिरवं राहील तेवढंच पुढं न्यायचं. 1985च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ प्रसारित झाली ती या चिकाटीतून. शिवाय ती सरळ वाण होती. शेतकऱ्याला तिचं बी घरी धरता येत होतं.

पुढं क्रांतीची ताकदही ओसरली. विषाणू बदलतो, माशी वाढते, आणि एकच वाण गावोगाव पसरला की त्याला फोडणं रोगाला सोपं जातं. त्यामुळे प्रतिकारशक्ती एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही, ती पुन:पुन्हा शोधावी लागते. शोधायची कुठं, तर जुन्या वाणांत आणि रानातल्या नातेवाइकांत.

क्रांती सरळ वाण होती, जालना, देऊळगाव राजा हा टापू मात्र संकरित बियाण्याचा. तिथं संध्याकाळी शेडनेटमध्ये गेलात तर बायका कळ्यांवर वाकलेल्या दिसतील. उद्या उमलणारी कळी नेमकी ओळखायची, नखानं तिचं आवरण चिरून परागकोशांची नळी अलगद काढायची, वर कागदी टोपी चढवायची. सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून पराग लावायचे. भेंडीचं फूल एक दिवसाचं, वेळ चुकली की संपलं. या हातांवर कित्येक घरं चालतात. संकरित वाण वाईट, असं मी म्हणणार नाही, जरी त्याचं बी घरी धरून तसंच पीक येत नाही आणि दर हंगामाला दुकानाची पायरी चढावी लागते.

माझा आक्षेप निवडीच्या रीतीवर आहे. गर्द हिरवा रंग, सारखी लांबी, ट्रकमध्ये न कोमेजणं हे बाजार मागतो आणि निवडही त्यावरच होते. चाचणीच्या वाफ्याला भरपूर खत, वेळेवर पाणी आणि ठरलेले फवारे मिळाले, तर तिथं पहिलं आलेलं झाड कशाच्या जोरावर पहिलं आलं? ज्यानं केवडा पाहिलाच नाही, ते केवड्याला तोंड देईल की नाही हे कळणार कसं? औषधाच्या छत्राखाली निवडलेला वाण शेतकऱ्याच्या शेतातही तेच छत्र मागतो. कृषी विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी चाचणीचा निदान एक वाफा बिनफवारणीचा ठेवावा आणि त्यातले आकडे बियाण्याच्या पाकिटावर छापावेत. शेतकऱ्याला उत्पन्न कळतं, मग कमी फवाऱ्यांत किती उत्पन्न, हेही कळलंच पाहिजे.

आणि ज्यांचं शेत आहे त्यांना एक विनंती. पावसाळ्यात बांधावर पिवळ्या फुलांचं, मध्ये गर्द जांभळा डोळा असलेलं कुसाळ झुडूप दिसलं, तर तेवढ्या जागी तणनाशकाचा पंप बंद ठेवा. ती रानभेंडी असू शकते.