तीन वाजताचं कुत्रं

आमचे एक स्नेही छापखान्यात वर्षानुवर्षं रातपाळी करून निवृत्त झाले. पाळी सुटली, पण झोपेची घडी काही बसली नाही. आठवड्यातल्या चार-पाच रात्री डोळ्याला डोळा नाही, असं महिनोन्‌महिने चाललं. मग कुणीतरी सुचवलं म्हणून रात्री साडेदहाला स्टीलच्या पेल्यात नाईंटी. ‘‘औषधापुरती,’’ ते म्हणत. अकराला घोरू लागत आणि तीनला टक्क जागे. घशाला कोरड, छातीत धडधड, लघवीची घाई. ‘‘कोपऱ्यावरचं ते कुत्रं झोपू देत नाही,’’ ही रोजची तक्रार. कुत्रं नसलं तर पित्त, पित्त नसलं तर वय.

या हिशेबाची मला गंमत वाटते. झोप लागली की श्रेय पेल्याला, मोडली की खापर कुत्र्यावर. मधले चार तास माणूस झोपलेला, मग दोन टोकं जुळवणार कोण?

आकडेमोड तशी सोपी आहे. आपल्याकडच्या व्हिस्कीत 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे नाईंटीत सुमारे 30 ग्रॅम. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. साडेदहाची दारू तीनच्या आत उतरते ती अशी. तोवर मेंदूत रस्सीखेच चाललेली असते. गाबा हे रसायन पेशींना शांत करतं, ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू पहिल्याला बळ देते, दुसऱ्याला दाबते, म्हणून डोळा चटकन लागतो. पण मेंदू गप्प बसत नाही, तोल सावरायला उलटा जोर लावतो. दारू उतरली की समोरच्यानं दोर सोडल्यासारखं होतं. सुरुवातीला दबलेली स्वप्नांची झोपही मग पहाटे उसळून येते, तुकड्यातुकड्यांत. रोज प्यायली तर मेंदू त्यालाच सरावतो, आणि नाईंटीची क्वार्टर कधी झाली ते कळत नाही.

त्यांनी सोडायचं ठरवलं तेव्हा आधी डॉक्टर गाठले, हे फार बरं केलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांनी उठायची वेळ पक्की करून दिली आणि बजावलं, जाग आली तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही. पहिले काही आठवडे झोप आधीपेक्षाही वाईट. तीनला स्वयंपाकघरात बसून ते मटार सोलत. वहिनींना सकाळी डबा भरून दाणे आयते मिळत.

गेल्या आठवड्यात भेटले. रात्री सलग साडेपाचपर्यंत झोपलो म्हणाले. मी कुत्र्याचं विचारलं. ते वहिनींकडे बघायला लागले.

‘‘भुंकत होतं की,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘तीनला. नेहमीसारखंच.’’