मॅथिसन यांचा ग्रंथ आणि मॅथिसन यांची पत्रे

फ्रान्सिस ओटो मॅथिसन (१९०२-१९५०) यांनी १९२९पासून अखेरपर्यंत हार्वर्ड विद्यापीठात साहित्य शिकवले. १९४१ साली त्यांचा ‘अमेरिकन रेनेसन्स’ हा ग्रंथ आला आणि एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेल्व्हिल व व्हिटमन या पाच लेखकांचा एक काळ म्हणून विचार करण्याची रीत रूढ झाली. त्यांच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी, १९७८मध्ये, त्यांचा आणि चित्रकार रसेल चेनी यांचा निवडक पत्रव्यवहार ‘रॅट अँड द डेव्हिल’ या नावाने प्रसिद्ध झाला. या दोघांनी वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र संसार केला होता, हे सामान्य वाचकाला त्या पुस्तकातून प्रथमच कळले. पुढे अभ्यासकांना एक सोपी वाट सापडली. ग्रंथात मॅथिसन लपले आहेत आणि पत्रांत खरे मॅथिसन भेटतात, असे म्हणण्याची ती वाट. तिच्यात तथ्याचा अंश आहे, पण ती अपुरी आहे. पत्रे आणि ग्रंथ यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: माणसाचे जगणे, त्याची श्रद्धा आणि त्याचे लिहिणे यांत फट राहू नये. मॅथिसन यांची थोरवी त्या आग्रहातून आली आणि त्यांची कोंडीही त्यातूनच झाली.

त्यांचा जन्म कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे झाला. आजोबा जस्ताच्या धंद्यातले बडे कारखानदार होते आणि इलिनॉय राज्यातील ला साल या गावी त्यांचे मोठे प्रस्थ होते. आईवडिलांचे पटले नाही, पुढे घटस्फोट झाला. मुलाचा ओढा आईकडे राहिला. येल विद्यापीठातून १९२३मध्ये पदवी, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, नंतर हार्वर्डमध्ये १९२७ साली डॉक्टरेट. पैशाची चिंता त्यांना कधी नव्हती, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या आयुष्यात अनेक ठिकाणी महत्त्वाची ठरते.

१९२४च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डला परतताना ‘पॅरिस’ या जहाजावर त्यांची चेनी यांच्याशी गाठ पडली. चेनी वयाने वीस वर्षांनी मोठे. कनेक्टिकट राज्यातील साउथ मँचेस्टरच्या प्रसिद्ध रेशीम कारखानदारांच्या घराण्यात जन्मलेले, पण चित्रकलेकडे वळलेले. क्षयाने त्यांना ग्रासले होते, पुढे दारूनेही. जहाज किनाऱ्याला लागल्यावर चेनी इटलीला गेले, मॅथिसन ऑक्सफर्डला, आणि पत्रे सुरू झाली. दूर असले की जवळजवळ रोज एक पत्र, हा शिरस्ता दोघांनी चेनी यांच्या मृत्यूपर्यंत पाळला. अशी सुमारे ३,००० पत्रे आहेत. ‘डेव्हिल’ हे मॅथिसन यांचे आणि ‘रॅट’ हे चेनी यांचे नाव. ‘डेव्हिल’ हे नाव येलमधल्या एका गुप्त विद्यार्थी मंडळात मिळालेले.

ही पत्रे म्हणजे रोजनिशीच होती. दिवसभरात काय वाचले, कोण भेटले, कुठे फिरणे झाले, प्रार्थनेला बसताना मन कसे होते, सारे त्यांत येते. सुरुवातीच्या पत्रांत बावीस वर्षांचा एक तरुण स्वतःला समजून घेण्यासाठी पुस्तके धुंडाळताना दिसतो. लैंगिकतेवर लिहिणाऱ्या हॅवलॉक एलिस आणि एडवर्ड कार्पेंटर यांच्याकडे तो आपल्यासारख्या माणसांविषयी काही कळेल या आशेने जातो. व्हिटमन तो निव्वळ कविता म्हणून वाचत नाही. आपण जे जगतो आहोत तेच त्या कवितेत आहे असे चेनींना कळवतो. आपल्या नात्याला समाजात नाव नाही, कुठला दाखला नाही, म्हणून ते आपल्यालाच घडवावे लागेल, हेही तो लिहितो, आणि त्या नात्याला विवाहाचीच प्रतिष्ठा देतो. समलिंगी संबंध हा तेव्हा अमेरिकेत गुन्हा होता. नोकरी, नाव, मित्रपरिवार, सगळे एका दिवसात जाऊ शकले असते. असे असूनही पत्रांचा सूर भेदरलेला नाही. जवळच्या मोजक्या मित्रांना मॅथिसन यांनी हे नाते सांगितलेही होते.

मात्र मोजक्या मित्रांपलीकडचे जग होतेच. १९३०च्या जानेवारीत, हार्वर्डमधल्या पहिल्याच वर्षी, लिहिलेल्या एका पत्रात ते विचारतात की, वस्तुस्थिती कळली तर जो समाज आपला पुरता धिक्कार करील, त्या समाजात राहण्याचा आपल्याला हक्क आहे का. लपवाछपवीने आपले नुकसान होते, कारण आपला पिंडच सरळपणावर पोसलेला आहे, असेही ते सांगतात. त्यांच्या कामाकडे पाहण्यासाठी या पत्राइतका चांगला आधार दुसरा नाही. समीक्षक म्हणून लेखकांकडून त्यांनी आयुष्यभर जे मागितले, ते इथे ते स्वतःकडून मागत आहेत आणि परिस्थिती ते देऊ देत नाही.

प्रबंधासाठी त्यांच्या मनात व्हिटमन होता. त्या कवीवर करण्यासारखे काही उरले नाही, असे त्यांना सांगण्यात आले. मग त्यांनी एलिझाबेथ राणीच्या काळातील इंग्रज अनुवादकांवर काम केले. ते १९३१मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याआधी १९२९मध्ये मेन राज्यातल्या लेखिका सारा ऑर्न ज्युएट यांच्यावरचे छोटे पुस्तक आले होते. १९३५मध्ये टी. एस. एलियट यांच्यावरील ग्रंथ निघाला. एलियट स्वतः १९३२-३३मध्ये व्याख्याने देण्यासाठी हार्वर्डला होते. त्यांच्याकडून मॅथिसन यांनी शब्दाशब्दाकडे पाहण्याची शिस्त घेतली. राजकारण मात्र घेतले नाही.

त्या वेळी अमेरिकन विद्यापीठांतच अमेरिकन साहित्याला दुय्यम मान होता. इंग्रजी विभाग म्हणजे चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन. ‘अमेरिकन लिटरेचर’ हे संशोधन नियतकालिक १९२९मध्ये सुरू झाले, म्हणजे मॅथिसन हार्वर्डला आले त्याच वर्षी. व्हर्नन पॅरिंग्टन यांच्या १९२७च्या मोठ्या इतिहासग्रंथात लेखकांच्या राजकीय, आर्थिक विचारांची मांडणी होती, परंतु वाङ्मयीन रूपाला जागा नव्हती. मेल्व्हिलकडे तर तीन पिढ्यांचे दुर्लक्ष झाले होते. १९२१च्या सुमारास तो नव्याने वाचला जाऊ लागला, ‘बिली बड’ ही त्याची शेवटची कथा १९२४मध्ये प्रथम छापली गेली. हार्वर्डमध्ये इतिहास आणि साहित्य एकत्र शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात मॅथिसन, पेरी मिलर आणि केनेथ मर्डॉक काम करत होते. हेन्री नॅश स्मिथ, लिओ मार्क्स असे पुढे नावारूपाला आलेले अभ्यासक याच वातावरणात घडले.

‘अमेरिकन रेनेसन्स’ हा सुमारे दहा वर्षांच्या श्रमाचा आणि साडेसहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ १८५० ते १८५५ एवढ्याच काळावर उभा आहे. ‘द स्कार्लेट लेटर’ १८५०चे, ‘मोबी-डिक’ १८५१चे, ‘वॉल्डन’ १८५४चे, ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ १८५५चे. दुर्गाबाई भागवतांच्या अनुवादामुळे ‘वॉल्डन’ मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. इतर पुस्तकांशी त्याचे नाते काय, हे मॅथिसन यांच्या ग्रंथात कळते. पाचही लेखकांना जोडणारा धागा म्हणून त्यांनी लोकशाहीच्या शक्यतांवरची निष्ठा पुढे ठेवली. पण ती निष्ठा त्यांनी जाहीरनाम्यांत शोधली नाही. वाक्याची घडण, प्रतिमेचा जन्म, शब्दाचा वस्तूशी असलेला संबंध यांत ती शोधली. बाहेरून लादलेला आकार आणि आशयातून वाढलेला आकार यांतला कोलरिजने केलेला भेद एमर्सनने कसा उचलला, थोरोने तो हाताने काम करणाऱ्या माणसाच्या अनुभवापर्यंत कसा नेला, हे सांगताना ते शिल्पकार होरेशिओ ग्रीनो यांच्या वास्तुविचाराकडे वळतात, चित्रकार टॉमस ईकिन्स यांच्याकडे येतात. चित्रे पाहण्याची ही सवय चेनींच्या सहवासातली आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही.

सर्वांत समृद्ध भाग मेल्व्हिलचा. ‘मोबी-डिक’मधल्या कॅप्टन एहॅबच्या तोंडची भाषा शेक्सपिअरच्या वाचनातून कशी पेटली आणि अनुकरणाच्या धोक्यातून मेल्व्हिल कसा पार झाला, याचे विवेचन आजही वाचणाऱ्याला खिळवून ठेवते. एमर्सनच्या आशावादात दुष्टाव्याची पुरती जाणीव नाही, ती हॉथॉर्न आणि मेल्व्हिलमध्ये आहे, आणि शोकात्म जाणिवेशिवाय लोकशाहीचा विचार उथळ राहतो, असा मॅथिसन यांचा निर्णय आहे. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि समाजवादीही होते. माणूस पापप्रवण आहे आणि तरीही समतेला पात्र आहे, या दोन्ही गोष्टी ते एकाच वेळी मानत. आपली शक्ती लोकांच्या बाजूने वापरतो आहेस की लोकांविरुद्ध, ही वास्तुकार लुई सलिव्हन यांची कसोटी त्यांनी ग्रंथाच्या प्रास्ताविकातच स्वीकारली आहे.

आणि तरी व्हिटमनपाशी हा ग्रंथ अडखळतो. कवितेत देह निवांत पडून स्वतःला झोकून देतो अशा एका जागेवर भाष्य करताना मॅथिसन यांनी त्यात काहीसे विकृत, समलिंगी असे काही असल्याचा शेरा मारला आहे. १९२४च्या पत्रांत ज्या कवितेने त्यांना स्वतःची ओळख दिली, त्याच कवितेबद्दल हे वाक्य आहे. पत्रे छापली गेल्यावर वाचकांना या वाक्याचा धक्का बसला, ते स्वाभाविक होते. त्याला ढोंग म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. जो विषय उच्चारणेही धोक्याचे होते, तो त्यांनी निदान उच्चारला. पण उच्चारण्यासाठी त्या काळाने दिलेली भाषा रोगनिदानाची होती. ग्रंथाच्या स्वतःच्या कसोटीवर पाहिले तर हीच त्याची सर्वांत दुबळी जागा आहे, कारण इथे समीक्षकाचा अनुभव आणि समीक्षकाचे वाक्य एकमेकांपासून तुटले आहेत. पत्रांमुळे ग्रंथ खोटा ठरत नाही; त्याला केवढी किंमत मोजावी लागली, ते कळते.

ती किंमत शारीरिकही होती. १९३८मध्ये रजा घेऊन मेन राज्यातील किटरी येथील घरात ते हा ग्रंथ लिहीत होते. वर्ष संपता संपता नैराश्य इतके वाढले की त्यांना बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तिथे लिहिलेल्या टिपणांत एक भीती पुन्हा पुन्हा येते: रसेल गेला तर आपण जगू शकणार नाही. त्या वेळी ते सावरले, परतले, ग्रंथ पुरा केला.

पुढच्या काळात हेन्री जेम्स हा त्यांचा मुख्य विषय झाला. १९४४मध्ये जेम्सच्या उत्तरकालीन कादंबऱ्यांवरचे पुस्तक आले. १९४७मध्ये जेम्स कुटुंबावरचा ग्रंथ आणि मर्डॉक यांच्यासह संपादलेल्या जेम्सच्या टिपणवह्या निघाल्या. दरम्यान जुलै १९४५मध्ये चेनी वारले. त्यांच्या चित्रांवर मॅथिसन यांनी एक पुस्तक काढले, तेही १९४७चेच. एवढे काम दोन वर्षांत उरकणारा माणूस आतून एकाकी झाला होता.

१९४७च्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे अमेरिकन संस्कृतीच्या अभ्यासाचे पहिले अधिवेशन भरले. कालपरवापर्यंत शत्रू असलेल्या देशांचे तरुण तिथे एकत्र आले होते आणि उद्घाटनाचे व्याख्यान मॅथिसन यांचे होते. तिथून ते प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात शिकवायला गेले. या अनुभवावरचे ‘फ्रॉम द हार्ट ऑफ युरोप’ हे पुस्तक १९४८मध्ये प्रसिद्ध झाले. पण फेब्रुवारी १९४८मध्ये झेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली होती आणि पुस्तकातला झेक लोकशाहीवरचा विश्वास भाबडा ठरला. आयर्विंग हाऊ यांनी ‘पार्टिझन रिव्ह्यू’त त्यावर कठोर टीका केली. राजकीय अंदाजाबद्दल टीकाकारांचे बरोबर होते. मॅथिसन यांनी त्याच पुस्तकात आपण मार्क्सवादी नाही, ख्रिस्ती आहोत हे स्पष्ट लिहिले होते, त्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. जुलै १९४८मध्ये फिलाडेल्फियाला भरलेल्या एका नव्या डाव्या पक्षाच्या अधिवेशनात हेन्री वॉलेस यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीला त्यांनी अनुमोदन दिले. १९४९मध्ये पॉल स्वीझी आणि लिओ ह्यूबरमन यांनी ‘मंथली रिव्ह्यू’ हे समाजवादी मासिक सुरू केले, त्याला वारशातून आलेल्या पैशातून मदत केली.

शीतयुद्धाच्या त्या दिवसांत एवढे संशयाला पुरेसे होते. १ एप्रिल १९५० रोजी बॉस्टनमध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत आपला थकवा आणि नैराश्य यांचा उल्लेख आहे, आणि शांततेवर विश्वास असलेला ख्रिस्ती समाजवादी म्हणून जगातल्या तणावाचे ओझे असह्य होते असेही आहे. मित्रांनी राजकारणाला दोष दिला, विरोधकांनी भ्रमनिरासाला. पत्रे हाती आल्यावर तिसरे कारण दिसले. ज्या माणसाला रोज पत्र लिहून ते दिवसाला अर्थ देत, तो माणूस पाच वर्षांपूर्वी गेला होता. तिन्ही कारणांतले एकच निवडण्याचा हट्ट त्यांच्या स्वभावालाच धरून नाही; हे सारे एकत्र जगण्याचाच त्यांचा प्रयत्न होता. थिओडोर ड्रायझरवरचे त्यांचे पुस्तक १९५१मध्ये, त्यांच्या मागे आले.

पुढच्या अभ्यासकांनी त्यांचा पंचकाचा आराखडा मोडला. त्यात हॅरिएट बीचर स्टोव नाही, फ्रेडरिक डग्लस नाही; स्टोव यांचे ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२चे, म्हणजे त्याच पाच वर्षांतले. जेन टॉम्पकिन्स यांनी १९८५मध्ये घेतलेला आक्षेप रास्त आहे: लोकशाहीची निष्ठा हा निकष असेल, तर गुलामगिरीविरुद्ध लाखो वाचकांना हलवणारी कादंबरी बाहेर का? मॅथिसन यांच्याजवळ याचे समाधानकारक उत्तर नव्हते. मात्र प्रश्न विचारण्याची भाषा, साहित्य कोणाच्या बाजूने उभे राहते हे रूपातूनच तपासण्याची रीत, टीकाकारांनी बरीचशी त्यांच्याकडूनच घेतली.

पत्रव्यवहाराचे संपादन येलमधले जुने मित्र लुई हाइड यांनी केले. खासगी कागद जाळून टाकणे त्या पिढीला सहज सुचले असते. हाइड यांनी ते जपले, निवडले, छापले. १९८८मध्ये विल्यम केन यांनी मॅथिसन यांच्या समीक्षेतील राजकारणावर ग्रंथ लिहिला. २००९मध्ये हार्वर्डने लिंगभाव आणि लैंगिकता या विषयांच्या अभ्यासासाठी मॅथिसन यांच्या नावाने अभ्यागत प्राध्यापकपद स्थापन केले. २०२२मध्ये स्कॉट बेन यांचे या दोघांच्या सहजीवनावरचे चरित्र निघाले. हाइड यांच्या एका खंडात ३,००० पत्रांतला थोडाच भाग मावला आहे.