वैराग्य, अहिंसा आणि वनाचा आश्रय

कार्यरूप प्रपंच अनित्य आहे, आणि वन हा त्याच प्रपंचाचा विस्तार. मग परमेश्वरप्राप्तीची इच्छा धरणाऱ्या साधकाने वनाची चिंता का वाहावी, अशी शंका कोणी घेतात. शंका वरवरची नाही, म्हणून तिचा विचार केला पाहिजे.

वैराग्य म्हणजे 'माझे' म्हणणे सोडणे. नासधूस करण्याची मोकळीक नव्हे. सर्वज्ञांनी साधकाला परक्या देशाच्या टोकाशी, झाडाखाली आयुष्य वेचावयास सांगितले. ज्या झाडाखाली बसावयाचे त्याच्यावर स्वामित्व नाही. म्हणूनच ते तोडण्याचा अधिकारही नाही.

पारध्यांच्या भयाने पळत आलेल्या सशाला सर्वज्ञांनी आपल्या मांडीखाली आश्रय दिला, ही लीळा सर्वांस ठाऊक आहे. तिचा बोध एका सशापुरता नाही. सशाला जाळी, घोरपडीला बीळ, पाखराला ढोली हाच नित्याचा आश्रय. एक ससा वाचवून त्याची जाळी पेटवून दिली, तर अहिंसा कोणती उरली? हाताने मारणे ही हिंसा. तसेच जीवांचा आश्रय मोडणे हीही हिंसाच. दुसरीत रक्त दिसत नाही, एवढाच भेद.

श्रीदत्तात्रेय प्रभूंच्या माहूरक्षेत्री जाणाऱ्यांनी किनवट-माहूरचे वन पाहावे. साग, ऐन, धावडा, मोह, पळस, टेंभुर्णी असे नाना वृक्ष तेथे एकत्र नांदतात. मोहाचे फूल रात्री उमलते, वटवाघळे त्याचे परागण करतात. पहाटे खाली पडलेली फुले अस्वल, हरणे खातात, आणि गोंड, कोलाम बांधव वेचतात. पानगळीचा थर पाऊस जिरवतो, माती धरून ठेवतो. एकाचे जीवित दुसऱ्यात गुंतलेले आहे. म्हणून एकाच जातीची हजार रोपे ओळीने लावली म्हणजे वन झाले, असे नव्हे. पैनगंगेकाठचे वन अभयारण्य म्हणून घोषित झाले. या शब्दातील 'अभय' आपण आचाराने खरे केले पाहिजे.

शेजारच्या लातूर जिल्ह्यात एक टक्काही वन नाही. एप्रिल 2016 मध्ये तेथे मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. अवर्षण, ऊस आणि भूजलाचा बेसुमार उपसा ही त्याची कारणे. सर्व दोष वृक्षतोडीवर टाकणे न्यायाचे नाही. पण उघड्या माळावर पडलेले पाणी थांबत नाही, माती घेऊन जाते, हेही तितकेच खरे.

देवराया अनेक ठिकाणी देवतेच्या भयाने राखल्या गेल्या. आपला मार्ग अनन्य भक्तीचा. देवताभय हा आपला आधार होऊ शकत नाही. म्हणून आपले उत्तरदायित्व उणे होत नाही, वाढते. भयाने राखलेले वन भय सरताच तुटते. दयेने राखलेले टिकते.

तेव्हा वासनिकांनी बांधावरचे जुने झाड सरपणासाठी तोडू नये. मोहफुले वेचण्यासाठी अगर नव्या गवतासाठी आग लावू नये. यात्रेत वनात विस्तव ठेवून उठू नये. अनुसरलेल्यांनी अटनात जेथे विसावा घेतला ते स्थळ होते तसेच सोडावे. प्रपंच अनित्य खरा. परंतु त्यात राहणाऱ्या जीवाला होणारे दुःख खरे आहे, आणि त्याचा दोष करणाऱ्याला लागल्यावाचून राहत नाही.